बाळ चालेपर्यंत

झोळी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे खांद्याला अडकवून दारोदार फिरणारी पिशवी येत असेल. मित्रांनो, मी त्यातली नव्हे. मी बाळाला आईच्या पाठीशी बांधणारी, हाताने विणलेली एक जुनी झोळी आहे. रुंदीला हातभर, आणि लांबी म्हणाल तर दोन माणसे डोक्याला पाय लावून झोपतील एवढी. सध्या माझा मुक्काम एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात, काचेच्या कपाटात आहे. माझ्यापुढे जाड दोरी लावली आहे आणि दोरीला पाटी अडकवली आहे, 'हात लावू नये.' ज्या झोळीला बाळांनी हातच काय, पाय, तोंड, नाक सगळे लावले, तिच्यापुढे ही पाटी! सुरुवातीला मला तिचे हसू यायचे. आता येत नाही. का येत नाही, तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका घराच्या अंगणात झाला. जिने मला विणले तिला पुढे सगळे मोठीआई म्हणू लागले, पण तेव्हा ती नवी नवरी होती आणि तिला सातवा महिना लागला होता. तिच्याकडे माग होता तो अगदी साधा. उभ्या धाग्यांचे एक टोक अंगणातल्या खांबाला बांधायचे, दुसरे आपल्या कमरेला, आणि मागे रेलून धागे ताणायचे. पोट पुढे आल्यामुळे कमरेचा पट्टा काही केल्या जागेवर राहीना. तिची सासू दारातून म्हणाली, "अगं, पोटातल्याला आत्तापासूनच कामाला जुंपतेस की काय?" दोघी हसल्या. त्या हसण्याने धागे हलले आणि एक ओळ वाकडी गेली. ती वाकडी ओळ माझ्या अंगावर अजून आहे.

बाळाला बांधता येईल एवढी मी विणून झाले तेव्हा मोठीआईने हात थांबवला. पुढचे तीन हात उभे धागे तिने तसेच मोकळे सोडले आणि त्यांच्या गाठी मारून ठेवल्या. तुम्हाला वाटेल, कंटाळली असेल. तसे नाही. आमच्याकडची रीतच तशी. झोळीतले बाळ मोठे होऊन उंबरठ्यापासून कुंपणापर्यंत कुणाचे बोट न धरता चालत गेले, की त्याच्या नावाने झोळी चार बोटे पुढे विणायची. रंग आईने निवडायचा. म्हणून झोळी कधी पुरी होत नसे. मोकळे धागे म्हणजे अजून न आलेल्या बाळांची जागा. ज्या घरातल्या झोळीचे धागे संपत आले, तिथल्या सासवा नव्या धाग्यांच्या तयारीला लागत.

पण सगळीच बाळे कुंपणापर्यंत पोचत नाहीत. जे पोचले नाही, त्याच्यासाठी आई एकच पांढरा धागा आडवा घाली. एकच. मग पुन्हा पुढच्या बाळाचा रंग.

माझ्या अंगावर पहिली चार बोटे आली ती लाल, थोरल्याची. तो दहाव्या महिन्यातच तुरुतुरु चालला आणि कुंपणावर आपटून नाक फोडून घेतले, म्हणून लाल, असे मोठीआई चेष्टेने सांगायची. त्यानंतर एक पांढरा धागा. मग मधल्याची निळी चार बोटे. मग शेजारच्या कुंभारणीने मला उसनी नेली, तिला जुळे झाले होते. एकाला पाठीवर, दुसऱ्याला पोटावर बांधून ती चाक फिरवायची, आणि घरी परतले तेव्हा माझ्या अंगावर पिवळी आठ बोटे होती आणि एका कडेला मातीचा थर. नावाड्याच्या बायकोने नेले तेव्हा हिरवी चार बोटे आणि एक पांढरा धागा घेऊन आले. तिने मला धुऊन, वाळवून, घडी घालून परत दिले आणि तशीच वळली. मोठीआई तिच्यामागे धावली आणि दोघी कुंपणाशी किती तरी वेळ उभ्या राहिल्या. शेवटचा पांढरा धागा पुन्हा मोठीआईचा.

मित्रांनो, ती माझी कामाची वर्षे. दात येताना बाळे माझी कड चावत. एक कोपरा तर चावून चावून पार दातेरी झाला. मला दुधाचा वास होता, घामाचा वास होता, आणि खोटे कशाला बोलू, दुसराही एक वास होता. मला रोज नदीवर नेऊन धोपटत, तरी मधोमध एक पिवळट डाग राहिलाच. तो मधल्याचा. त्याने मला भिजवायचे एकदाही चुकवले नाही.

उसनी झोळी देण्याचेही नियम होते, आणि ते तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले. कुणी झोळी मागायला आले तर का हवी हे विचारायचे नाही. पोटातल्या बाळाची वाच्यता करू नये म्हणून. नाही म्हणायचे नाही. तिच्या बदल्यात काही मागायचे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे, ती परत कधीच मागायची नाही. परत मागणे म्हणजे दुसऱ्याच्या लेकराला 'चाल की लवकर' म्हणून ढकलणे. बाळ चालले की झोळी आपल्या पायांनी घरी येते, असे आमच्याकडे म्हणत.

एके दिवशी गावात समुद्रापलीकडून एक पाहुणे आले. उंच, लालबुंद, सदा घामाघूम. ते प्रत्येक गोष्ट वहीत लिहीत, म्हणून सगळे त्यांना वहीवाले म्हणू लागले. सूप दिसले, लिहिले. उखळ दिसले, लिहिले. कोंबडी आडवी गेली, तेही लिहिले. माणूस वाईट नव्हता. मुलांना खिशातले घड्याळ कानाला लावू द्यायचा.

निघायच्या दिवशी ते मोठीआईच्या अंगणात आले. आदल्याच दिवशी तिची सगळ्यात लहान मुलगी, धाकटी, कुंपणापर्यंत चालत गेली होती. तिच्यासाठी जांभळा धागा रंगवून दोरीवर वाळत घातला होता आणि मी शेजारी तयार होते. वहीवाल्यांनी माझ्याकडे बोट दाखवले, मग आपल्या छातीवर हात ठेवला, मग हात जोडले. कुणाला काही समजेना. तेव्हा त्यांनी खिशातून एक फोटो काढला. फोटोत त्यांची बायको होती. तिच्या अंगात कमरेपासून फुगत गेलेला, जमिनीला टेकणारा घेरदार झगा होता.

अंगणातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिले.

"अगं बाई! सातवा असेल," कुंभारीण पुटपुटली.

"सातवा कसला, आठवा. घेर बघ की," नावाड्याची बायको म्हणाली.

"आणि हा बाबा इथे वह्या भरत हिंडतोय!"

"गप बसा गं," मोठीआई म्हणाली. "तोंडातून काढू नका. त्याने मागितली, आपण दिली. संपलं."

"पण धाकटीची चार बोटं?"

"जांभळा अजून ओला आहे. त्याची गाडी काय थांबणार आहे? झोळी परत आली की घालू. वर्ष-दीड वर्षाचा तर प्रश्न."

तिने माझी घडी घातली आणि मला त्यांच्या हातात दिले. वहीवाल्यांना इतक्या सहज मिळेन असे वाटले नसावे. त्यांनी घाईघाईने पेटीतला बिस्किटांचा डबा काढून दिला. बायकांना वाटले, बातमीचे तोंड गोड करतोय. त्यांनी ती बिस्किटे घरोघर वाटली आणि वहीवाल्याच्या बायकोची सुखरूप सुटका होवो म्हणून मनोमन हात जोडले.

मी समुद्र ओलांडला आणि एका मोठ्या घरात जाऊन पोचले. मला वाटले, आता कुणी तरी मला पाठीशी घेईल. पण मला दिवाणखान्याच्या भिंतीवर, दोन हरणांच्या शिंगांच्या मध्ये, आडवे ठोकले. वहीवाले आल्यागेल्याला माझ्याबद्दल सांगत. ऐकून ऐकून त्यांची भाषा मला समजू लागली तेव्हा कळले, की ते म्हणत होते, "फार भोळे लोक हो. अगदी लहान मुलांसारखे. आपल्या वस्तूचं मोल त्यांना कळतच नाही. एका बिस्किटाच्या डब्यावर देऊन टाकली!" पाहुणे हसत. मी भिंतीवरून ऐकत असे आणि घरात बाळ कुठे आहे ते शोधत असे.

बाळ नव्हते. फोटोतला तो नुसताच झगा होता. त्या बाईंची कूस कधी उजवलीच नाही. एकदा दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी खुर्चीवर चढून मला खाली काढले. मी कशासाठी असते हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, पण माझा मऊ पडलेला मधला भाग हाताला लागला आणि त्यांना उमगले असावे. त्यांनी मला खांद्यावरून घेतले, पाठीमागे हात नेऊन एक उशी त्यात ठेवली आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. चुकीची बांधली होती. बाळ असते तर पडले असते. थोड्या वेळाने त्यांनी मला जागच्या जागी ठोकले आणि हात धुवायला गेल्या. नवऱ्याजवळ त्या हे कधी बोलल्या नाहीत. मी कुणाला सांगणार?

पुढे बाई वारल्या. वहीवाल्यांनी घर आवरले आणि मला संग्रहालयाला भेट दिले. तिथल्या लोकांनी माझी फार काळजी घेतली, मित्रांनो. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. मला उन्हापासून जपले, धुळीपासून जपले. कसर लागू नये म्हणून औषधाची भुकटी मारली. मागून ताठ कापड लावून शिवले. आणि माझे मोकळे धागे लोंबताना बरे दिसत नाहीत म्हणून कात्रीने सरळ कापले आणि कड दुमडून छान शिवून टाकली. इतका बारीक टाका मोठीआईलाही जमला नसता. न आलेल्या बाळांची जागा त्यांच्या टेबलाखाली केरात पडली.

मग एक विद्वान आले. त्यांनी तीन दिवस भिंगातून मला पाहिले आणि पाटी लिहिली. 'टोळीप्रमुखाचा विधीसाठीचा कमरपट्टा. रंगीत पट्टे अधिकाराचे निदर्शक. पांढऱ्या रेषा बहुधा ठार केलेल्या शत्रूंची संख्या दर्शवतात. मधोमध विधीतील तेलाचा डाग. कडेला हेतुपूर्वक केलेली झालर. कारागीर अज्ञात.'

तेलाचा डाग! मधल्याला हे कळले असते तर तो हसून हसून लोळला असता. चावलेल्या कोपऱ्याची झालर झाली म्हणून मलाही हसू आले. पण पांढऱ्या धाग्यांचे वाचले आणि हसू पळाले. तीन बाळे, जी कुंपणापर्यंत पोचली नाहीत. त्यांचे तिथे शत्रू झाले होते. मला ओरडून सांगायचे होते, पण कापडाला कुठला आवाज?

माझे कौतुक मात्र खूप झाले. चित्रकार समोर बसून माझी नक्कल करत. एकाने माझे पट्टे भिंतीएवढ्या चित्रात काढले आणि त्याचे नाव झाले. लोक येत आणि म्हणत, "किती निरागस कला आहे!" कुणी म्हणे, "आदिम माणसाची रंगांची जाण बघा." त्या आदिम माणसाला सातवा महिना होता आणि सासूच्या बोलण्याने तिची एक ओळ वाकडी गेली होती, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. खालच्या दुकानात माझे पट्टे छापलेल्या पिशव्या विकायला आल्या.

वर्षे गेली. साठ गेली, सत्तर गेली. आधी मला वाटायचे, आज येतील, उद्या येतील. नंतर वाटू लागले, विसरले मला. एका डब्यावर दिले ते दिलेच. वहीवाले म्हणत होते ते खरेच असेल, आमच्या लोकांना माझे मोल नव्हतेच. मित्रांनो, कपाटात एकटे राहिले की आपल्याच माणसांबद्दल असे वाईट मनात येते. मी आज त्याची माफी मागते.

मग एक दिवस मला कपाटातून काढून मागच्या खोलीतल्या लांब पांढऱ्या टेबलावर पसरले. संग्रहालयाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या एक बाई होत्या, मवाळ स्वभावाच्या. त्यांनी हातमोजे घातले, शाईचा डाग पडू नये म्हणून सगळी पेने बाजूला ठेवली आणि दार उघडले. आत एक म्हातारी आली. केस पांढरेशुभ्र, हातात कापडी पिशवी. तिच्यासोबत तिची नात होती, त्याच शहरातल्या दवाखान्यात परिचारिका असलेली. नातीच्या पाठीला साध्या चादरीने बांधलेले सहा महिन्यांचे बाळ होते.

म्हातारी टेबलापाशी आली आणि बोटाने हवेतच मोजू लागली. "लाल, आमचा थोरला. पांढरा. निळा, मधला. पिवळा, पिवळा, कुंभारणीचे जुळे. हिरवा. पांढरा. पांढरा." आणि कडेशी येऊन तिचे बोट थांबले. "आणि इथे मी."

ती धाकटी होती.

नात दोघींच्या मध्ये उभी राहून इकडचे बोलणे तिकडे सांगत होती. शेजारणीने बाळंतविड्याच्या वस्तू संग्रहालयाच्या दुकानातल्या पिशवीतून आणून दिल्या होत्या, आणि आजी त्या वस्तू सोडून पिशवीच हातात घेऊन बसली होती. "मला म्हणाली, अगं, भाजीच्या पिशवीवर माझी भावंडं कुणी छापली?" नात म्हणाली. धाकटीने मला जाणत्या वयात कधी पाहिले नव्हते. पण मोठीआईने माझा रंग न् रंग तिच्याकडून पाठ करून घेतला होता.

"तेवढं विचार त्यांना," धाकटी नातीला म्हणाली, "ते बाळ चाललं का शेवटी?"

"कुठलं बाळ?" किल्लीवाल्या बाईंनी विचारले.

"त्या वहीवाल्यांचं. झोळी नेली ना त्यांनी. आई रोज म्हणायची, बिचाऱ्याच्या लेकराच्या पायात काही दोष असणार, अजून चालत नाही. बायका एकमेकींना विचारायच्या, काही कळलं का गं त्या बाळाचं? आई गेली तेव्हाही तिच्या मनात तेच होतं. म्हणाली, झोळी मागू नका हं, त्या आईला वाईट वाटेल." धाकटीने डोळ्याला पदर लावला आणि मग हसली. "पण आता सत्तर वर्षं झाली हो. चाललं नसलं तरी ते बाळ आता काठी टेकत असेल."

मित्रांनो, तेव्हा मला कळले. मला कुणी विसरले नव्हते. ज्यांना वहीवाले भोळे म्हणत हसले, ती माणसे सत्तर वर्षे त्यांच्या नसलेल्या बाळाची काळजी करत होती.

किल्लीवाल्या बाई खुर्चीवर बसल्या. जुनी कागदपत्रे त्यांना पाठ होती. "त्यांना मूल नव्हतं, आजी," त्या हळूच म्हणाल्या. धाकटी म्हणाली, "अगं बाई. म्हणजे तीही बिचारी."

मग तिने पिशवीतून एक काडी काढली. काडीवर जांभळा धागा गुंडाळलेला होता. त्या दिवशी ओला होता तो. "माझी चार बोटं राहिलीत. गावात मला अजून चिडवतात, म्हातारी झाली तरी ही चाललीच नाही म्हणून. तर मी ती घालते, आणि या पणतूसाठी झोळी न्यायची म्हणते. त्या वहीवाल्याने काही आमची वस्तू पळवून नेली नाही, आम्हीच हातांनी दिली होती, ते मला कबूल आहे. तुम्हाला द्यायची नसेल तर उसनी द्या."

"उसनी?" बाई गोंधळल्या. "आजी, आम्ही वस्तू उसन्या देतो, पण फक्त दुसऱ्या संग्रहालयांना. त्यांच्याकडे कपाट लागतं, ठरावीक थंडावा लागतो, पहारा लागतो..."

"आमच्याकडे बाळ आहे," धाकटी म्हणाली.

बाईंना हसू आले, आणि त्या हसण्यात त्यांचे मन वळल्याचे मला दिसले. त्या म्हणाल्या, "मी वरच्या लोकांना लिहीन. वेळ लागेल. पण भांडेन मी." माझे धागे कापल्याचे आता धाकटीच्याही लक्षात आले होते, पण ती म्हणाली, "उसवू. नवे धागे जोडू. कापडाला काय, जोड देता येतो." मित्रांनो, सत्तर वर्षांत मी एवढी आनंदले नव्हते.

नातीने पाठीवरची चादर सोडून बाळाला कडेवर घेतले होते. बाळाला माझे रंग दिसले. ते पुढे झुकले आणि त्याने दोन्ही हात माझ्याकडे केले, थेट त्या चावलेल्या कोपऱ्याकडे. अजून वीतभर, आणि त्याने मला धरले असते.

"नको!" किल्लीवाल्या बाई किंचाळल्या आणि त्यांनी बाळाचा हात ओढला. बाळ भेदरून रडू लागले.

धाकटीचा चेहरा उतरला. "लेकराचा हात लागला तर विटाळते का तुमची वस्तू?"

"वस्तूसाठी नाही, आजी," बाई म्हणाल्या. "बाळासाठी. मी आधीच सांगायला हवं होतं. त्या काळी कसर लागू नये म्हणून असल्या सगळ्या कापडांवर विषारी भुकटी मारत. ती धाग्यांत मुरली आहे. धुऊन जात नाही. म्हणून तर हे हातमोजे. परत मिळाली तरी हिच्यात बाळ ठेवता येणार नाही. कधीच नाही."

नात रडणाऱ्या बाळाला थोपटू लागली.

"म्हणजे आमच्या झोळीला विष पाजलंत," धाकटी म्हणाली.

"जपण्यासाठी, आजी."

"कुणासाठी?"

त्याचे उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

मला हे माहीत नव्हते, मित्रांनो. औषध म्हणून मारले ते मी औषधच समजले. इतकी वर्षे कुणाच्या तरी पाठीवर जाण्याची वाट पाहत होते आणि माझ्या अंगात हे भरलेले होते. त्या बाईंनी हात ओढला नसता तर? तो विचार माझ्याने करवत नाही.

नात चिडून म्हणाली, "तरीही परत नेऊ, आजी. आपली आहे ती."

"नेऊन काय करू?" धाकटी म्हणाली. "घरात रांगती पोरं आहेत. कुठे टांगू तिला?" तिने हातमोजे मागितले, ते जमेल तसे चढवले आणि माझ्या शिवलेल्या कडेवरून हात फिरवला. हातमोज्यांच्या रबरामुळे मला तिची बोटे कळली नाहीत. मग तिने जांभळ्या धाग्याची काडी पुन्हा पिशवीत टाकली. "नवीन घालू," ती नातीला म्हणाली. "पहिली चार बोटं माझी, मग याची. चल, याला भूक लागली आहे."

किल्लीवाल्या बाईंनी तिला थांबवून माझी हकिगत पेन्सिलीने लिहून घेतली, आणि नंतर माझी पाटी बदलली. आता तिच्यावर मोठीआई आहे, थोरला आहे, कुंभारणीचे जुळे आहेत, आणि तीन बाळे आहेत. ते वाचून काही जण पांढरे धागे मोजतात. एक बाई तर दोरीपाशी रडली. पाटी खरी झाली, याचे मला समाधान आहे. पण पाटी वाचता न येणारी बाळेही समोरून जातात. ती माझ्याकडे हात करतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला जपा. मी तसे सांगणार नाही. ज्यासाठी एखादी वस्तू केली, त्यासाठी ती वापरा. मळू द्या, झिजू द्या, फाटली तर ठिगळ लावा, आणि अगदीच चिंध्या झाल्या तर नवी करायला शिका. दुसऱ्याच्या घरातली वस्तू आवडली तर ती कशासाठी आहे हे विचारा. त्यांची भाषा येत नसेल तर आधी भाषा शिका आणि मग विचारा. आणि कुणी काही सहज हातात ठेवले तर तो भोळा आहे असे समजून हसू नका. तुम्ही ती परत आणाल असा त्याचा विश्वास असेल.

माझ्यात दोष काही उरला नाही. मला कसर लागत नाही, माझा रंग उडत नाही. या कपाटात मी पुढची शंभर वर्षे अशीच राहीन, असे मला पाहायला आलेले जाणकार मोठ्या अभिमानाने सांगतात. तुमची नातवंडे येतील तेव्हाही मी इथेच असेन, जशीच्या तशी, आणि माझ्यासमोर उभी असलेली प्रत्येक आई आपल्या बाळाचा हात मागे ओढेल.